अर्धं दाबलेलं बटण

छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचं बटण दोन टप्प्यांत दाबलं जायचं. पहिल्या टप्प्यावर आतून बारीक घरघर ऐकू यायची, लेन्स किंचित मागेपुढे व्हायची, पडद्यावर हिरवी चौकट उमटायची आणि दोनदा टिकटिक वाजायचं. फोटो अजून निघालेला नसायचा. अंतर ठरलेलं, उजेड मोजलेला आणि बोट मध्यावर. आता आजी हसेपर्यंत, बाळ मान वळवेपर्यंत, घाटातल्या वळणावरून एसटी पुढे येईपर्यंत थांबायचं आणि मग उरलेलं बटण दाबायचं. फोटो काढण्यातलं मला जे काही आवडतं, त्यातलं पुष्कळसं त्या अर्ध्या बटणात होतं. फोनच्या काचेला हा मधला टप्पाच नाही.

त्या टिकटिकीआधी कॅमेरा चौकटीतल्या भागात उजेड आणि सावलीच्या कडा शोधत असे. लेन्स सरकवत न्यायची आणि कडा जिथे सगळ्यात स्पष्ट दिसतील तिथे थांबवायची, इतकी साधी त्याची रीत. त्यामुळे चुन्याची पांढरी भिंत, कोरं आभाळ, पावसाळी धुकं समोर आलं की तो अडायचा. त्याला धरायला काहीतरी द्यावं लागे: साडीचा काठ, चष्म्याची दांडी, दाराची चौकट. तिथे अर्धं बटण दाबायचं, बोट न उचलता कॅमेरा हवा तिकडे वळवायचा आणि फोटो घ्यायचा. हे एकदा जमलं की प्रत्येक चेहरा चित्राच्या मधोमध ठेवायची सवय आपोआप सुटायची. एक तांत्रिक अडचण सोडवता सोडवता माणूस चित्राची मांडणी शिकून जायचा.

रोलच्या दिवसांत असं शिकणं महाग होतं. आमच्या आधीच्या पिढीकडे आगफा क्लिक थ्री असायचा. त्याच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो यायचे आणि उजेडाची निवड म्हणजे ऊन की ढग, एवढीच. मग हॉट शॉट कॅमेरे आले आणि छत्तीस फोटोंचे रोल आले. रोल संपेपर्यंत थांबायचं, स्टुडिओत धुवायला टाकायचा, चार-आठ दिवसांनी पाकीट आणायचं. गणपतीत काढलेला फोटो पुष्कळदा दसऱ्याला हातात पडायचा, कारण रोलवर अजून सहा-सात फोटो शिल्लक असायचे आणि ते वाया घालवायची कुणाची तयारी नसायची. फोटो काळा आला तर का आला हे सांगणारं कुणी नव्हतं. त्या वेळी शटर किती होतं, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र किती होतं, हे वहीत लिहून ठेवणारे हौशी लोक होते, पण ते फार थोडे. बाकीच्यांसाठी चूक आणि तिचं कारण यांच्यामध्ये इतके दिवस जायचे की दोघांची गाठच पडत नसे.

डिजिटल कॅमेऱ्याने ही गाठ घालून दिली. फोटो काढला की दोन सेकंदांत तो पाठीमागच्या पडद्यावर दिसायचा आणि डिस्प्लेचं बटण दाबलं की त्याच्याशेजारी सगळा हिशेब: शटर १/६०, अ‍ॅपर्चर एफ २.६, आयएसओ ४००. वही न ठेवणाऱ्याचीही वही कॅमेरा ठेवत होता. फोटो पुसून पुन्हा काढायला पैसे पडत नव्हते. माझं म्हणणं एवढंच आहे की साधारण २००० ते २०१२ या बारा-तेरा वर्षांत, या खिशातल्या कॅमेऱ्यामुळे, शाळेतल्या मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत असंख्य साध्या माणसांना उजेडाचं शास्त्र हाताने शिकता आलं. त्याआधी ते परवडत नव्हतं. त्यानंतर त्याची गरजच उरली नाही.

माझ्याकडे आला तो कॅननचा पॉवरशॉट ए५७० आयएस, २००७ सालचा. ७.१ मेगापिक्सेल, चारपट झूम, अडीच इंची पडदा, डोळा लावून बघायला वर एक इवलीशी काच, आणि ताकद दोन पेन्सिल सेलची. खोक्यात १६ एमबीचं कार्ड मिळायचं. त्यावर पूर्ण आकाराचे चार-पाच फोटो बसले की जागा संपायची, म्हणून दुकानातून निघतानाच दुसरं कार्ड घ्यावं लागे. घड्याळातले साधे सेल घातले तर ते सहलीच्या पहिल्या दिवशीच मान टाकायचे, त्यामुळे चार्ज होणाऱ्या सेलच्या दोन जोड्या आणि भिंतीत लावायचा चार्जर ही दरवेळची शिदोरी. उन्हात मागचा पडदा पांढराफटक व्हायचा. तेव्हा पडदा बंद करून त्या इवल्या काचेतून बघायचं. तिच्यात जे दिसायचं त्याहून फोटोत थोडं जास्तच यायचं.

आणि वर एक फिरणारी चकती. तिच्यावर हिरव्या रंगातला ऑटो, मग पी, टीव्ही, एव्ही, एम, आणि दुसऱ्या बाजूला चित्रं: चेहरा, डोंगर, चंद्र-तारे. मेनूत आणखी खोल गेलं तर पानं, बर्फ, समुद्रकिनारा, फटाके, मत्स्यालय. घरातली मंडळी म्हणत, 'ऑटोवर ठेव रे, उगाच बिघडेल.' बिघडत काहीच नव्हतं. पीवर आणलं की कॅमेरा शटर आणि अ‍ॅपर्चर स्वतः ठरवायचा आणि बाकीच्या गोष्टी आपल्या हाती सोडायचा. टीव्हीवर वेळ आपण द्यायची, एव्हीवर छिद्राचा आकार आपण द्यायचा, एमवर दोन्ही. कितीतरी महागड्या कॅमेऱ्यांत असलेली ही चार अक्षरं मध्यमवर्गीय घराला परवडेल अशा किमतीत मिळत होती, याचं मला आजही कौतुक वाटतं. पुढे कंपन्यांनी अशा स्वस्त कॅमेऱ्यांमधून ती हळूहळू काढून टाकली आणि मेगापिक्सेलचे आकडे मोठे छापले. तो सौदा ग्राहकाच्या हिताचा नव्हता.

आपल्या घरांतला उजेड हा तर स्वतंत्र विषय. हॉलमध्ये ट्यूबलाइट, देवघरात पिवळा बल्ब, खिडकीतून दुपारचं ऊन, आणि गणपती असले तर मखराभोवती रंगीत दिव्यांच्या माळा. डोळ्यांना हे सगळं सहज चालतं, कारण मेंदू आपलं आपण जुळवून घेतो. कॅमेऱ्याला सांगावं लागतं. दुपारच्या उन्हाचं रंगतापमान साधारण ५५०० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बचं २८०० च्या आसपास, आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशात हिरवी झाक. ऑटो व्हाइट बॅलन्स या गर्दीत गोंधळायचा आणि आरतीला उभी असलेली सगळी माणसं आजारी दिसायची. मग फंक्शनचं बटण दाबून यादीत शिरायचं: सूर्य, ढग, बल्ब, ट्यूब. प्रत्येक खुणेसरशी पडद्यावरची खोली रंग बदलायची आणि जास्वंद कुठल्या उजेडात खरी लाल दिसते ते समोरासमोर कळायचं. यादीच्या शेवटी स्वतः मोजून घ्यायची सोय होती. पांढरी वस्तू समोर धरायची आणि कॅमेऱ्याला सांगायचं की या उजेडात हे पांढरं. आमच्याकडे त्या कामाला आजोबांचं धुतलेलं उपरणं यायचं. ट्यूबचा उजेड हिरवट असतो हे मी पुस्तकात नंतर वाचलं. त्याआधी ते त्या उपरण्यावर पाहिलं होतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या प्रत्येक दृश्याला मध्यम राखाडी समजून उजेड मोजतो. त्याला पांढरं आणि काळं यांची ओळख नसते. आषाढीच्या आधी दिवे घाटात वारी चढत असते, तेव्हा समोर धोतरं, सदरे, टोप्यांचा पांढरा लोंढा असतो. मीटर बिचकतो, उजेड कमी करतो आणि सगळे वारकरी मळक्या कपड्यांत दिसतात. तिथे अधिक दोन तृतीयांश द्यायचं. उलट पावसात भिजलेला सह्याद्रीचा कातळ घ्या. रायगडाची भिंत असो की कोकणकडा, तो बेसॉल्ट ओला झाला की जवळजवळ काळा होतो. मीटरला तो अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो आणि कड्याचा दगड सिमेंटसारखा करडा येतो. तिथे उणे दोन तृतीयांश, कधी उणे एक. मग ओलं काळं ओलं काळंच राहतं आणि त्यावरची शेवाळाची रेघ हिरवी उठून येते.

हे बटण वापरणारा माणूस फोटो काढण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारतो: समोरची गोष्ट खरोखर किती उजळ आहे? हा प्रश्न विचारायची सवय लागली की कॅमेरा हातात नसतानाही जग वेगळं दिसू लागतं. दुपारच्या अंगणात तुळशीवृंदावनाची सावली किती निळी असते, मेघ दाटले की झाडांचा हिरवा किती गडद होतो, हे दिसायला लागतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांची नजर त्या छोट्या कॅमेऱ्यांनी अशी तयार केली. त्या काळात मायबोलीसारख्या मराठी संकेतस्थळांवर लोक 'प्रचि १', 'प्रचि २' (म्हणजे प्रकाशचित्र) करत गडांचे आणि फुलांचे फोटो टाकायचे आणि खाली शटर-अ‍ॅपर्चरचे आकडे विचारले जायचे. परक्या माणसाला 'उणे एक देऊन बघा' असा सल्ला देणारी ती माणसं मला फार जवळची वाटतात.

फुलाच्या खुणेचा मॅक्रो थोडक्यात सांगतो. या कॅमेऱ्याला पाच सेंटिमीटरवरून फोटो घेता यायचा. सेन्सर नखाएवढाच, जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद, त्यामुळे इतक्या जवळूनही फुलाचा बराचसा भाग स्पष्ट यायचा. मोठ्या कॅमेऱ्याला त्यासाठी वेगळी लेन्स लागते. भाद्रपदात कासच्या पठारावर सीतेची आसवं नावाची निळीजांभळी फुलं येतात, करंगळीच्या नखाएवढी. ओल्या खडकावर कॅमेरा टेकवून त्यांच्या उंचीला जाता येई. फक्त स्वतःच्या लेन्सची सावली फुलावर पडू द्यायची नाही.

रात्रीबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण तेव्हा आणि आता यांतलं अंतर रात्रीच सगळ्यात जास्त जाणवतं. त्रिपुरी पौर्णिमेला गावातल्या देवळाची दीपमाळ पेटते. दगडी खांबाच्या प्रत्येक हातावर पणती, आणि भोवती काळोख. ऑटोवर कॅमेरा फ्लॅश मारणार हे ठरलेलं. त्या फ्लॅशची पोच तीन-साडेतीन मीटर. पुढच्या माणसाची पाठ पांढरी होणार, दीपमाळ काळी राहणार आणि पणत्यांचा सोनेरी रंग मरून जाणार. म्हणून विजेच्या खुणेवर जाऊन फ्लॅश बंद. आयएसओ ८०, कारण ८०० किंवा १६०० वर नेलं की अंधारात रंगीत वाळू सांडल्यासारखे ठिपके येत. चकती टीव्हीवर, वेळ एक-दोन सेकंद. हा कॅमेरा पंधरा सेकंदांपर्यंत शटर उघडं ठेवू शकायचा. कॅमेरा देवळाच्या कट्ट्यावर ठेवायचा, खाली रुमालाची घडी, आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्काही लागत नाही. कॅमेरा टेकवला की आतली हात सावरणारी यंत्रणाही बंद करायची. हातात धरून १/१५ वर फोटो काढताना तीच लेन्सचा एक भाग उलट दिशेने सरकवून मोठी मदत करायची, पण स्थिर दगडावर तिला काही काम नव्हतं.

मग त्या दोन सेकंदांत जे व्हायचं ते चित्रात यायचं. पणत्यांच्या ज्योती वाऱ्याने हलून थोड्या रुंद झालेल्या, प्रदक्षिणा घालणारी माणसं धूसर वाहून गेलेली, आणि एका जागी हात जोडून उभी असलेली एखादी म्हातारी तेवढी रेखीव. आणि काळोख काळाच. पुढे कुणाचा तरी चेहराही हवा असेल तर मेनूत स्लो सिंक्रो होतं. फ्लॅश चेहऱ्यापुरता उडायचा आणि शटर दिव्यांसाठी उघडं राहायचं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दारात रांगोळी, पणत्या आणि नवे कपडे घातलेली मुलं एकाच फोटोत नीट आणायची असतील, तर याहून चांगला उपाय तेव्हाच्या खिशात नव्हता.

आजचा फोन तीच दीपमाळ कशी घेतो ते पाहा. फोन एक फोटो काढतच नाही. कॅमेरा उघडल्यापासून तो चित्रं साठवत असतो, बटण दाबल्यावर त्यातली आणि पुढची अनेक चित्रं एकमेकांवर बसवतो, हलणारे भाग जुळवतो, ठिपके पुसतो, अंधारे भाग वर उचलतो आणि उजळ भाग खाली आणतो. गूगलने पिक्सेलमध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात नाइट साइट आणलं, तेव्हापासून हातात धरून रात्रीचे फोटो काढणं ही सर्वांची गोष्ट झाली. त्याआधी २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने चेहऱ्यामागची जागा हिशेबाने धूसर करून दाखवली होती. ही कामगिरी मोठी आहे आणि तिचा मला मनापासून आदर आहे. माझ्या आईचे डोळे आता साथ देत नाहीत, हात कापतो. तरी ती नातीचा मंद उजेडातला फोटो एका स्पर्शात काढते आणि तो हलत नाही. कुठल्याही चकतीने तिला हे दिलं नसतं.

पण दीपमाळेच्या फोटोत काळोख राहत नाही. आभाळ निळसर होतं, देवळाची भिंत संध्याकाळी सहाला दिसावी तशी दिसते, आणि पणत्या दिवसाउजेडी पेटवल्यासारख्या केविलवाण्या वाटतात. दिवे लावण्याचं कारणच फोटोतून निघून जातं. पावसातला कातळ पुन्हा करडा होतो. जास्वंदीच्या पाठीमागची जागा धूसर करताना तिचा पुढे आलेला नाजूक दांडा कधी कधी त्याच धूसरपणात विरघळतो, कारण फूल कुठे संपतं हे फोन अंदाजाने ठरवत असतो. हे सगळं बदलता येतं. पडद्यावर बोट ठेवून ते छोटं सूर्याचं चिन्ह खाली ओढलं की फोटो गडद होतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांत प्रो नावाचा मोड असतो, त्यात शटर आणि आयएसओ आहेत. तरी तिथे फारसं कुणी जात नाही, कारण जायची वेळ येत नाही. फोटो बरा येतो. मला खटकतं ते इथेच. बऱ्या आलेल्या फोटोतून पुढचा प्रश्न निघत नाही. काळा आलेला, पिवळा पडलेला, हललेला फोटो माणसाला 'असं का?' विचारायला लावायचा आणि उत्तर त्याच यंत्राच्या मेनूत असायचं.

या छोट्या कॅमेऱ्यांचं आयुष्य किती लहान होतं ते आकड्यांत दिसतं. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा एक काळंपांढरं चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा आणि त्या चित्रात होते अवघे दहा हजार ठिपके. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले गेले, त्यांतले बहुसंख्य छोटे, लेन्स न बदलणारे. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात कॅमेरे बनवणं थांबवत असल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये जगभर पाठवल्या गेलेल्या अशा छोट्या कॅमेऱ्यांची संख्या २० लाखांच्याही खाली होती.

तरी गेल्या काही वर्षांत कॉलेजमधली मुलं हे कॅमेरे पुन्हा शोधू लागली आहेत. मुंबईत बोरा बाजारच्या दुकानांत जुने कॅमेरे मागणारे तरुण दिसतात. जुन्या सीसीडी सेन्सरचे रंगच वेगळे, असं त्यांच्यात बोललं जातं. माझ्या मते त्या रूपात सेन्सरपेक्षा थेट मारलेल्या फ्लॅशचा आणि कॅमेऱ्याच्या आतल्या जेपेग प्रक्रियेचा वाटा जास्त आहे. ते काहीही असो, कॅमेरे वापरात येताहेत हे छानच. फक्त विकत घेणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी बघाव्यात. २००६ च्या आधीचे पुष्कळ कॅमेरे दोन जीबीपेक्षा मोठं कार्ड ओळखत नाहीत. ऑलिंपसच्या आणि फुजीच्या अनेक जुन्या मॉडेलांना एक्सडी कार्ड लागतं, सोनीच्या जुन्यांना मेमरी स्टिक, आणि ती सहज मिळत नाहीत. पेन्सिल सेलवर चालणारा मिळाला तर तोच घ्यावा, कारण वेगळ्या बॅटऱ्यांची अनेक मॉडेलं बंद झाली आहेत. तारीख दरवेळी पुसली जात असेल तर आतला बटणासारखा छोटा सेल बदलायचा. आणि जुना कॅनन असेल तर हौशी मंडळींनी बनवलेला सीएचडीके हा प्रोग्रॅम कार्डावर टाकून बघावा. तो कॅमेऱ्याच्या मूळ प्रोग्रॅमला हात लावत नाही, आणि त्याच स्वस्त यंत्रातून रॉ फोटो, उजेडाचा आलेख, इतकंच काय, हालचाल दिसताच आपोआप फोटो अशा सोयी काढून देतो. वळवाच्या पावसात वीज पकडायला लोकांनी तो वापरला आहे.

माझा ए५७० सध्या भाचीकडे असतो. मी दिला नाही, तिनेच कपाटातून काढून नेला. पहिला आठवडा ती फ्लॅश मारून मैत्रिणींचे फोटो काढत होती. मग एकदा फोन आला, 'मामा, मांजर सारखं राखाडी का येतंय? ते काळं आहे.' अधिक-उण्याचं बटण कुठे आहे ते मी सांगितलं. परवा आली तेव्हा कार्ड घेऊनच आली. त्या मांजराचे फोटो एकापाठोपाठ एक, उणे एक तृतीयांशपासून उणे दोनपर्यंत, प्रत्येकाखाली आकडे. मी म्हटलं, उणे दोन तृतीयांश बरोबर आहे, पाठीवरचे केस दिसताहेत. तिला ते पटलं नाही. 'केस दिसत नाहीतच मामा, ते दुपारी सोफ्याखाली असतं तेव्हा. मी बघते ना रोज. उणे एक आणि एक तृतीयांश.' आम्ही दोघं अर्धा तास भांडलो.